डोमाजीनं जोडलेली साखळी

डोमाजी शाळेत गेला नव्हता, पण डोकं वकिलाचं. बोरी अरबजवळच्या आमच्या गावात सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात पाटलाचा बैल मेला. आदल्या वर्षी आम्ही बौद्ध झालो होतो. मेलेलं ढोर ओढायचं नाही, ही शपथ. पाटलानं निरोप धाडला, "ढोर ओढसान, तं विहिरीवर पाणी भेटन. नाही तं नाल्यातला झिरा चाटा."

झिरा म्हणजे वाळूत खणलेला हातभर खड्डा. बावीस घरांचं पाणी तेवढंच.

काही जण डगमगले. डोमाजीनं सगळ्यांना निंबाखाली बसवलं आणि एकेक बोट मोडत सांगितलं, "आपण नाही ओढला, तं बैल सडते. सडला, तं वास सुटते. वास सुटला, तं पाटलाच्या घशाखाली घास उतरत नाही. घास उतरला नाही, तं पाटील हात जोडत येते. मंग झालं का नाही? आपण नाही ओढला, तं पाटील हात जोडते!"

"अन् त्यायनंच ओढला तं?" त्याची बायको तुळसाबाई म्हणाली.

"ते? मेल्या ढोराले हात लावतीन? बाटतीन नं वो! तू भाकरी थाप."

सगळे हसले. मीही हसलो. आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या दिवशी पाटलाच्या पोरांनी नाकाला फडकी बांधली, दोरखंड लावला, बैलजोडी जुंपली आणि तो सडका बैल ओढत आणून आमच्या झिऱ्यात लोटला. मग घरी जाऊन अंघोळ, गोमूत्राचे शिंतोडे. झाले शुद्ध!

झिरा पुरेना म्हणून आम्ही त्या वेळी दोन कोसांवर नदीला पाण्यासाठी गेलेलो. डोमाजीची आई रुखमाबाई आंधळी, घरी एकटी, तहानेनं कासावीस. रोजच्या पायवाटेनं चाचपत झिऱ्यावर गेली, ओंजळीनं प्याली. वास तर चार दिवस गावभर होता. तिला काय कळणार? हगवणीनं दोन दिवसांत गेली.

तिला पुरताना तुळसाबाई नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "त्यायचा इटाळ त्यायच्याहून तुमीच जास्त खरा मानला."



डोमाजी सहासष्ट सालापर्यंत जगला. शपथ मोडली नाही. पाटलाची ढोरं पाटलाचीच माणसं ओढत राहिली, आणि विहीर आम्हाला बंद ती बंदच. सभेत कोणी तावानं 'असं केलं तर तसं होईल' म्हणालं, की डोमाजी मागून ओरडायचा, "अन् नाही झालं तं? मंग कोणाची माय देशील?"