हलक्या मालाच्या दोन गोळ्या

चहा उकळतोय तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. माझीच आहे, तेव्हा हसायला लाजू नका.

गोरेगावात आमचं किराणा दुकान. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, पुढचं सगळं तराजूनं शिकवलं. त्यातलं पक्कं ज्ञान एकच: हलका माल जास्त टाकावा लागतो. पाकिटातली चहापत्ती एक चमचा, तर सुटी दोन. गिऱ्हाइकाला मी हे तोंडानं सांगायचो. इमानदारीचा धंदा!

पुढं मला साखरेचा आजार निघाला. गोळी सुरू झाली नामी कंपनीची. घशापेक्षा खिशातच जास्त अडकायची. मी कुरकुर केली, तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरांनी साध्या नावाची गोळी लिहून दिली. म्हणाले, औषध तेच, ताकद तीच, कंपनीचं मोठं नाव नाही म्हणून स्वस्त. सकाळी एक घ्या, वर लगेच न्याहारी करा.

मी मान डोलावली. पण तुम्हीच सांगा, भावात एवढा फरक आणि मालात काहीच नाही, हे कोणता दुकानदार मानेल? डॉक्टर शिकलेले, पण बाजार त्यांना काय ठाऊक! मी दोन गोळ्या टाकल्या. तरी स्वस्तच पडल्या की!

नेमके त्याच दिवशी आमच्या सुनीताला बघायला कुरुंद्याचे पाहुणे यायचे होते. हळदीचे व्यापारी. मुलगा पोरीच्या मनात भरलेला, त्यामुळे बायकोनं मला सकाळीच बजावलं होतं, "आज तरी जरा कमी बोला."

पाहुण्यांच्या आधी कसं खायचं, म्हणून न्याहारी राहिली. पाहुणे आले उशिरा. मुलाचे वडील हळदीच्या भावावर बोलत होते, आणि मला दरदरून घाम फुटलेला. हात लटलटा कापून राहिले. थोड्या वेळानं एकाचे दोन व्याही दिसायला लागले.

मग काय झालं, मलाच कळलं नाही. माझा हात गेला तो थेट पाहुण्याच्या ताटलीत! त्यांचा लाडू खाल्ला. मग नवऱ्या मुलाचा खाल्ला.

"अवो, काहून असं करून राहिले?" बायको रडकुंडीला आली.

मी तोवर पुढची ताटली ओढलेली. तोंडात तिसरा लाडू.

"थांबा वैनी, खाऊ द्या त्यान्ला," मुलाचे वडील म्हणाले. "साखर उतरली हाय. मला बी हाच रोग हाय." लाडू पोटात गेले, मी जरा माणसात आलो, तसं त्यांनी विचारलं, "गोळ्या किती घेतल्या?"

"दोन."

"काहून?"

मी त्यांना चहापत्तीचा हिशोब समजावून सांगितला. चांगला खुलासेवार! ते हसू दाबत उठले आणि आपल्याच जीपमध्ये घालून मला हिंगोलीला घेऊन गेले. डॉक्टरांनी काय काय ऐकवलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. सार एवढंच, की स्वस्त गोळी म्हणजे हलकी गोळी नव्हे. तीच गोळी मी आजही घेतो. एकच. न्याहारीला धरून.

सोयरीक जमली. देवाची कृपा म्हणा, नाहीतर लाडवांची.

पुढल्या खेपेला व्याही आले, बायकोनं चहा आणला. कप हातात घेऊन ते म्हणाले, "विहीणबाई, पत्ती पाकिटातली का व्याह्यांच्या दुकानातली सुटी?"

"दुकानातलीच की."

"मग अजून एक कप आणा."