न विकायचं दूध

आमच्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी होत्या आणि आमचं चहाचं हॉटेल विकतच्या दुधावर चालायचं. हे ऐकलं की माणसं आधी हसायची आणि मग विचारायची, असं का? पुढं पुढं मला त्याचं कारण सांगायचाही कंटाळा यायला लागला.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हॉटेल नव्हतं. पिंपरीच्या माळाला लागून सासऱ्यांची जमीन होती, ज्वारी-बाजरीची. सरकारनं तिथं औषधांचा मोठा कारखाना काढायचं ठरवलं आणि इतरांबरोबर आमचीही जमीन गेली. ओढ्याकाठची एक पट्टी तेवढी राहिली, जनावरांच्या वैरणीपुरती. सासरे त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मिळालेल्या पैशातून मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला चार पत्रे ठोकून हॉटेल काढलं. दोन बाकडी, एक फळी, मातीची चूल आणि मागं भांडी घासायला दगड, एवढंच ते हॉटेल. बांधकामावरचे गवंडी आणि बिगारी यायचे, ट्रकवाले थांबायचे. कारखाना सुरू झाल्यावर पाळीची माणसं यायला लागली. मालक पुढं बसत. चूल, चहा, कपबशा आणि रस्त्यापलीकडच्या विहिरीचं पाणी माझ्याकडं. गडी ठेवावा इतकं ते कधीच चाललं नाही.

आता दुधाचं सांगते. या घरात दूध विकायचं नाही अशी रीत होती. ताक, लोणी, तूप, काहीच विकायचं नाही. फार मागं, एका दुष्काळात, या घरातली बाळंतीण गेली. तिचं तान्हं पोर शेजारणीनं आपल्या म्हशीच्या दुधावर जगवलं आणि त्याबद्दल मूठभर धान्यही घेतलं नाही. तेव्हापासून या घरानं आणि पुढं त्यातून वाढलेल्या सगळ्या भावकीनं ठरवलं की दुधाचा पैसा घ्यायचा नाही आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. नव्या सुनेला पहिल्यांदा गोठ्यात नेताना सासू ही गोष्ट सांगायची. मलाही सांगितली होती. तेव्हा ती मला आवडलीही होती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. पहाटे उठून मी दोन्ही म्हशींच्या धारा काढायची आणि आत्याबाई ओसरीवर बसून ते दूध वाटायच्या. एखाद्या बाळंतिणीला, कुणाच्या आजारी म्हाताऱ्याला, देवाच्या नैवेद्याला. घरापुरतं ठेवून चरवी रिकामी झाली की शेणघाण उरकायची, भाकरी थापायच्या आणि हॉटेलवर जाऊन रस्त्याकडं बघत उभं राहायचं. पुनावळ्याकडून एक गवळी सायकलला घागरी बांधून यायचा. तो येईपर्यंत चुलीवर नुसतं पाणी उकळत असायचं.

सुरुवातीची एक-दोन वर्षं बरी गेली. मग कारखान्याची वसाहत उभी राहिली, पलीकडं फाळणीत आलेल्या निर्वासितांची वस्ती वाढली, आणि जो तो दूध मागायला लागला. गवळी दर दोन-चार महिन्यांनी भाव चढवायचा आणि वर पाणीही घालायचा. साखर महागली, चहाची भुकटी महागली. ओढ्याकाठची झाडं तुटून गेल्यावर सरपणही वखारीतून विकत आणावं लागायला लागलं. मालकांनी एकदा धीर करून कपाचा भाव वाढवला. गिऱ्हाईक मुकाट्यानं पलीकडच्या नव्या हॉटेलात जाऊन बसलं. आठवड्याच्या आत आम्ही भाव होता तिथं आणला. आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा एका आण्याचे सहा धरायचे की सात, यावरून रोज कुणीतरी वाद घालायचं, आणि शेवटी मालकच सोडून द्यायचे.

"दूध जरा बेतानं घाल," ते मला म्हणत. मी बेतानं घालायची. मग एखादा गवंडी बशी उजेडात धरून विचारायचा, "वैनी, चहा हाय का धुणं धुतल्यालं पानी?" त्याच्या बोलण्यात राग नसायचा. मी खाली बघून कपबशा विसळत राहायची. त्याच पहाटे माझ्या हातानं काढलेलं सायीचं दूध गावात वाटून झालेलं असायचं.

अशात एका थंडीच्या सकाळी गवळी आलाच नाही. बऱ्याच वेळानं एका ट्रकवाल्यानं सांगितलं की त्यानं सगळं दूध वसाहतीच्या खानावळीला घातलंय. पाळी सुटायची वेळ झाली होती. मालक उठले आणि मला म्हणाले, "चल घरी. मी एकट्यानं मागितलं तर आई ऐकायची न्हाई."

थंडीमुळं त्या दिवशी मागायला फारसं कुणी फिरकलं नव्हतं. आम्ही घरी गेलो तेव्हा आत्याबाई भरल्या चरवीवर फडकं बांधत होत्या.

"आये, आजच्या दिवस हे दूध हॉटेलवर नेतो," मालक म्हणाले. "गवळी आला न्हाई."

"आन् त्याचं काय करनार?"

"चहा."

"आन् चहा इकनार."

"व्हय, चहा इकनार. दूध कुठं इकतोय मी?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुला काय वाटतं गं? चहात घालून इकलं म्हंजी ते दूध न्हाई व्हय?"

मला खरंच काही वाटत नव्हतं. पाठ दुखत होती आणि चूल तशीच पेटती सोडून आल्याची काळजी होती. मी म्हटलं, "मला त्यातलं कळत न्हाई, आत्याबाई. मानसं येऊन खोळंबली असतील, एवढं कळतंय."

आत्याबाईंनी फडक्याची गाठ घट्ट केली आणि चरवी लेकाकडं सरकवली.

"ने. मागायला आल्याला न्हाई म्हनायचं न्हाई, हीबी रीतच हाय. पर आज चहाचा पैसा घ्यायचा न्हाई. कुनाकडनंच."

"अगं, साखर हाय, भुकटी हाय, लाकूड हाय. त्याचे तरी?"

"दुधातनं ती येगळी काढता आली तर काढ, आन् घे त्याचे," त्या म्हणाल्या. "मी येते संगं."

तोवर आत्याबाईंनी हॉटेलात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्या दिवशी त्या पदर नीट घेऊन चुलीजवळच्या बाकड्यावर बसल्या, आणि उठल्या त्या दूध संपल्यावरच. पहिल्या चार माणसांना मालकांनी पैसे नको म्हणून सांगितलं तेव्हा त्यांना ती थट्टा वाटली. मग बातमी पसरली. पाळी सुटलेली माणसं आली, बांधकामावरचे बिगारी आले, पलीकडच्या हॉटेलात बसलेले उठून इकडं आले. "आज काय हाय, मालक? पोरगं झालं का?" असं जो तो विचारत होता. "घरचं दूध हाय," एवढंच मालक सांगत. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

एकजण फळीवर नाणं ठेवून निघाला तर आत्याबाईंनी त्याला हाक मारून ते परत दिलं. एक वयस्कर बिगारी मात्र फुकटचा चहा घ्यायला तयार होईना. शेवटी त्यानं घेतला, आणि मागं येऊन माझ्याशेजारी दगडावर बसून बशा घासायला लागला. मी नको म्हटलं. "ऱ्हाऊ दे, ताई," तो म्हणाला, "मला गोड लागू दे." बरीच भांडी घासून तो कामावर गेला.

मी मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त राबले. विहिरीच्या किती खेपा केल्या ते आठवत नाही. ओली लाकडं फुंकून डोळे चुरचुरत होते. पातेलं उतरवताना मनगटाला चटका बसला, ते मी विहिरीच्या पाण्यात बुडवलं आणि पुढचं आधण ठेवलं. आत्याबाई हे सगळं बघत होत्या. दुपारी घरी परतताना त्या वाटेत थांबल्या.

"मला वाटायचं तू हितं सावलीला बसतीस," त्या म्हणाल्या.

"बसायला जागा कुठं हाय, आत्याबाई?"

माझ्या हातातली रिकामी चरवी त्यांनी आपल्याकडं घेतली.

गवळी दोन दिवसांनी आला, चढा भाव घेऊनच. मालक मग घरचं दूध चहाला वापरायची मोकळीक मागायला भावकीतल्या थोरल्या चुलत्यांकडं गेले. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी चार जाणती माणसं देवळाच्या पारावर बोलावली. काय झालं ते मला मालकांनी घरी येऊन सांगितलं. तात्या म्हणाले होते, "तुझ्या आज्यानं पाळलं, बापानं पाळलं. तुलाच जड झालं?"

"जड झालंय, तात्या. खोटं कशाला बोलू?"

"मग हॉटेल बंद कर. दूध इकलंस तर पंगतीला तुझं पान मांडायचं न्हाई आमी."

कुणी आवाज चढवला नव्हता. त्या महिन्यात तात्यांची म्हैस आटली होती आणि त्यांच्या घरी रोज सकाळी आमच्याच गोठ्यातलं दूध जात होतं. मालक ते तिथं बोलले नाहीत. मला सांगताना बोलले, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आत्याबाई दारातच बसून ऐकत होत्या.

पुढच्या पंधरवड्यात चऱ्होलीहून नणंद आणि तिचे मालक बैलगाडी घेऊन आले. आत्याबाईंनीच निरोप धाडला होता, आम्हाला काही बोलल्या नव्हत्या. जेवणं झाल्यावर त्या गोठ्यात गेल्या, दोन्ही म्हशींची दावी सोडली आणि लेकीच्या हातात दिली. नणंद रडायला लागली. तिलाही आधी ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "आत्याबाई, हे काय?"

"लेकीला दिल्या. लेकीला दिल्यालं काय इकल्यालं नसतं."

"पर घरात दूध?"

"तुझं पहाटंचं एक काम तर सुटंल," त्या म्हणाल्या. "आन् ह्यो माझा ल्योक रोज चरवीकडं बघतो न् तसाच जातो, ते मला बघायला नको."

गाडीच्या मागं बांधलेल्या म्हशी ओढ्यापर्यंत मागं वळून बघत गेल्या. त्या दिवशी गोठा आत्याबाईंनी स्वतः झाडला. मी खराटा मागितला तर दिला नाही.

मला वाटलं, आता खर्च थोडा तरी आवरेल. पेंड नको, वैरण नको. पण आठ-दहा दिवसांतच गावातली एक बाई वाटी घेऊन दारात आली, पोराला दूध हवं म्हणून. म्हशी गेल्याचं तिला माहीत होतं, पण सवयीनं आली होती. आत्याबाईंनी तिला बसवून घेतलं आणि मला हॉटेलवर पिटाळलं, गवळ्याचं दूध आणायला. दुसऱ्या दिवसापासून त्या गवळ्याकडून वाटायसाठी म्हणून शेरभर दूध वेगळं घ्यायला लागल्या. त्याचे पैसे हॉटेलच्या गल्ल्यातून जायचे. विकत घेऊन वाटायचं असं रीतीत कुठं सांगितलेलं नव्हतं. मालक एकदा माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग की तिला." मी म्हटलं, "तुमीच सांगा." कुणीच सांगितलं नाही.

हॉटेल तसंच रडतखडत आणखी दोनेक वर्षं चाललं. मग कारखान्यात कँटीन सुरू झालं आणि तिथला चहा आमच्यापेक्षा किती तरी स्वस्त होता. पाळीची माणसं यायची थांबली. ट्रकवाल्यांवर चूल पेटती ठेवणं परवडेना. जमीन गेलेल्यांना कामावर घेत होते, त्यात मालकांचा नंबर लागला आणि ते हमालीच्या खात्यात लागले. पत्रे काढून घरी आणले. त्यातले दोन न्हाणीवर टाकले, बाकीचे कुणीतरी मागून नेले.

हॉटेल बंद झालं त्या आठवड्यातली एक दुपार. मी धान्य निवडायला बसले होते आणि माझे हात मधेच थांबत होते. आत्याबाई समोर वाती वळत होत्या.

"काय हुतंय?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई. इतक्या वर्सांची झोप येती सारखी."

"मग झोप की."

दिवसाउजेडी, घरात सासू जागी असताना, मी लग्नानंतर पहिल्यांदाच आडवी झाले. त्यांनी माझ्यापुढचं सूप आपल्याकडं ओढलं आणि निवडायला लागल्या.