जेठाच्या धोंड्याचे पाव्हणे

देवानं हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याला जेवढे चांगले कान पाठवले, त्यातले निम्मे तरी आमच्या जावईबापूंनी एकट्यानं उचलले असणार, अशी माझी चाळीस-पंचेचाळीस वर्षं पक्की समजूत होती. जावईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. सासूबाई आणि मामंजी त्यांना जावईबापू म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो, मग आमची मुलं म्हणू लागली, आणि आता माझी आठ वर्षांची नातसुद्धा 'ओ जावईबापू, चहा' असा पुकारा करते. माणूस पंचाहत्तरीच्या पुढं गेला, स्वतः दोन जावयांचा सासरा झाला, दात गेले, दुसरे आले, तेही खिशात ठेवायची वेळ आली. पण पुसेगावच्या अलीकडच्या आमच्या गावात ते अजून जावईच आहेत. पारावर बसलेली माणसं त्यांना बघून सरकून जागा करतात ती वयाला मान म्हणून नाही, जावयाला मान म्हणून.

कनेरगाव नाक्यावर, ढाब्यांच्या ओळीत, त्यांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या, पाण्याच्या. लांब डिसमिसचं टोक चालू मोटारीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे, आणि आत काय बिघडलंय ते न उघडता सांगायचं, ही त्यांची पद्धत. लोक वाशिमवरून मोटार घेऊन येत. पण कान काय दुकान बंद झालं म्हणून बंद होतो का? आमच्याकडं आले की ते घरातल्या एकेका वस्तूची तपासणी करत. पिठाच्या गिरणीवरून येताना म्हणत, "पट्टा चार दिवसांचा सोबती हाय." चौथ्या दिवशी पट्टा तुटे. माझं शिलाई मशीन पलीकडच्या खोलीत चाललेलं ऐकून म्हणत, "वैनी, तेल घाला, ती रडून राहिली." एकदा मामंजींना रात्रंदिवस खोकला लागला होता. डॉक्टरनं तीन प्रकारच्या गोळ्या दिलेल्या. जावईबापू उशाशी बसून दोन-तीन खोकले लक्ष देऊन ऐकते झाले आणि बाहेर येऊन सासूबाईंना म्हणाले, "मशीन बराबर हाय. बिडी बंद करा." मामंजी त्या बिड्या गोठ्यात लपून ओढत होते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर सहा महिने मामंजी जावयाशी बोलले नाहीत.

तर अशा माणसाचा आमच्याकडचा मोठा मुक्काम असे धोंड्याच्या महिन्यात. पंचांगात दर तीनेक वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, तो आमचा धोंडा. त्या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढायचे, तेहतीस अनारसे आणि दिवा ताटात घालून वाण द्यायचं. इतरांचे जावई सकाळी येऊन संध्याकाळी जातात. आमचे जावईबापू वाण घेत आणि राहत. आणि जेठाचा धोंडा असेल, म्हणजे जेठ महिना दोनदा येणार असेल, तर विचारूच नका. मग ते महिना लागायच्या आत उशी घेऊन हजर. कारण त्यांचा एक सिद्धांत होता. आमच्या परसातल्या कडुनिंबावर उन्हाळ्यात किर्र ओरडणारे जे किडे असतात, पुस्तकात ज्यांना झिल्ली म्हणतात, ते एरवी चार-दोन दिसतात. पण जेठाच्या धोंड्याला जमिनीतून हजारोंनी वर येतात. "मातीखाली बसून ते पंचांग मोजून राहिले," असं ते म्हणत. किडे काही म्हणायचे नाहीत, म्हणायचे 'पाव्हणे'. "आमी दोघंबी धोंड्याचे पाव्हणे. फरक इतकाच, त्यांना कोनी अनारसे देत न्हाई."

माझं लग्न झालं आणि पुढच्याच उन्हाळ्यात जेठाचा धोंडा आला. मी तेव्हा वीस वर्षांची, हिंगोलीच्या कॉलेजात एक वर्ष सायन्सला काढून आलेली. त्या एका वर्षात मी नापास झाले होते ही गोष्ट सासरी कुणी विचारली नव्हती, म्हणून मीही सांगितली नव्हती. गरज नसताना चष्मा लावत होते. एका दुपारी परसात गेले, तर झाडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नुसते किडे, आणि कानाचे पडदे फाटतील असा आवाज. मला शाळेच्या पुस्तकातला टोळधाडीचा धडा आठवला. झालं. मी डोक्यावरचा पदर सावरायचंही विसरून गल्लीतून धावत सुटले, "टोळ आले, टोळ आले, पिकं वाचवा." शिकलेली सून सांगते म्हटल्यावर गावानं विश्वास ठेवला. बायकांनी थाळ्या बडवल्या, कुणी ओला पाला पेटवून धूर केला, दोन म्हशी दावं तोडून सिद्धेश्वरच्या धरणाच्या दिशेनं गेल्या त्या दुसऱ्या दिवशी सापडल्या. या सगळ्या गोंधळात जावईबापू ओसरीवर पाटावर बसून शांतपणे धोंडा तुपात बुडवत होते. मी धापा टाकत समोर आले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "वैनी, शेतात सध्या काय उभं हाय?"

मी विचार केला. ऐन उन्हाळा. नांगरट झालेली. शेतात ढेकळांशिवाय काहीही नव्हतं.

"ढेकळं खातील म्हनता?" असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला.

एवढ्यावर मी शहाणं व्हायला हवं होतं. पण विसाव्या वर्षी माणूस एका अपमानात शहाणा होत नाही, निदान दोन लागतात. तिसऱ्या दिवशी मी त्याच झाडाखालून जाताना अंगावर बारीक बारीक थेंब पडले. आभाळात ढग नाही आणि तुषार पडताहेत. मी चष्मा काढला, तोंड वर केलं, हात पसरले, डोळे मिटले. यजमानांना हाक मारून म्हणाले, "अहो, या ना, बघा निसर्ग कसं गुलाबपाणी शिंपतोय." यजमान आले नाहीत. जावईबापू बाजेवर पडून बघत होते. त्यांनी मला चांगलं भिजू दिलं. मग उठून बसले आणि म्हणाले, "झालं का न्हाऊन? आता इहिरीवर जाऊन खरं न्हावा. ते पाव्हणे दिवसभर झाडाचा रस पिऊन राहिले, मंग ते सांडनार कुठं?"

ही गोष्ट त्यांनी त्यानंतरच्या प्रत्येक धोंड्याच्या पंगतीत सांगितली. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, त्यांनाही सांगितली. आणि त्यामुळं मी ठरवून टाकलं की या माणसाचा सिद्धांत एक दिवस मोडायचाच. मी म्हणायची, किडे दरवर्षीच येतात, जेठाच्या धोंड्याला तुम्ही महिनाभर झाडाखाली लोळता म्हणून तुम्हाला जास्त दिसतात. ते म्हणायचे, "मोजून दावा." मोजणार कोण? जेठाचा धोंडा कधी आठ वर्षांनी यायचा, कधी अकरा. पण दर खेपेला किडे येत, आणि खच्चून येत. जावईबापू त्यांची वाळकी टरफलं झाडावरून वेचून पोरांच्या शर्टांना बिल्ले म्हणून लावत. एकदा सासूबाई पाठीवर अशी पाच टरफलं मिरवत महादेवाला जाऊन आल्या, आणि बायका मागून का हसतात म्हणून वाटेत दोघींशी भांडूनही आल्या. शेवटी आमच्यात शर्त ठरली. ज्या जेठाच्या धोंड्याला किडे येणार नाहीत, त्या वेळी जावईबापूंनी भर पंगतीत मला हात जोडायचे आणि 'हरलो' म्हणायचं. तो दिवस बघितल्याशिवाय मरायचं नाही, असं मी देवाला सांगून ठेवलं होतं.

यंदा जेठ पुन्हा दोनदा आला. किड्यांनी तर महिना लागायची वाटही पाहिली नाही. परसात उभं राहवेना. फोन आला की धान्याच्या खोलीत जाऊन दार लावून बोलायचं. भाजीवाल्याचा भोंगा गल्लीतून कधी गेला ते कळायचं नाही. आम्ही घरातली माणसं खुणांनी मीठ मागू लागलो. अशा गदारोळात जावईबापू आले. नेहमीप्रमाणं बाज ओढून कडुनिंबाखाली टाकली, उशी ठेवली, पडले, एक हात कानामागं धरला आणि माझ्या नातीला म्हणाले, "येतील. अजून येळ हाय."

आम्हाला वाटलं थट्टा करताहेत. नात तर खदखदून हसली. पण नणंद माझा हात धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. माझी नणंद कधी हळू बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी तिला माझ्या कानाला तोंड लावावं लागलं. "वैनी, त्यांना बारीक आवाज येईनासा झालाय. कुकरची शिट्टी न्हाई, मोबाइल न्हाई. बोलनं येतंय, म्हून त्यांच्या ध्यानात यीना. दोन मोटारी चुकीच्या खोलल्या, तवा लेकानं दुकानाच्या चाव्या घेतल्या. ते म्हनतेत, आताच्या मोटारीच मुक्या येऊन राहिल्या. तेवढं एक त्यांचं हाय. किडे आलेत म्हून सांगू नका, माय."

मी लगेच हो म्हटलं. नातीला सकाळी उठल्या उठल्या बुंध्यावरची टरफलं झाडून टाकायच्या कामावर लावलं. घरात कुणी वर बघायचं नाही, कानांवर हात ठेवायचे नाहीत, असा हुकूम काढला. जावईबापूंची नजरही आता बेताची, आणि त्या किड्यांचा रंग सालीसारखा, जमून गेलं. वरून गुलाबपाणी पडू नये म्हणून उन्हाचं निमित्त काढून बाजेवर जुनं लुगडं ताणलं. पण आवाजाचं काय करणार? आम्ही सगळे एकमेकांशी किंचाळून बोलत होतो आणि चेहऱ्यावर काहीच झालं नाही असा भाव ठेवत होतो. तिसऱ्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "ओरडता काहून सगळे? मी काय बहिरा हाय का?" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "न्हाई, न्हाई."

या शहाणपणात एक भोक राहून गेलं होतं, ते माझ्या लक्षात आलं थेट पंगतीत. चूक नेहमीसारखी माझीच. परसाकडच्या ओसरीवर ताट वाढलं, दिवा लावला, अनारसे ठेवले. जावईबापूंनी ताटाला हात लावला नाही. ते उठून उभे राहिले. गेल्या जेठाच्या धोंड्यापेक्षा वाकले होते. त्यांनी माझ्याकडं तोंड केलं, हात जोडले आणि म्हणाले, "वैनी, महिना सरत आला. यंदा पाव्हणे आले न्हाईत. तुमचं बराबर व्हतं. मी उगं चाळीस-पंचेचाळीस वर्सं तुमाला छळलं."

डोक्यावर झाड नुसतं फाटत होतं. ज्या क्षणासाठी मी देवाला थांबवून धरलं होतं, तो असा समोर उभा होता, आणि मला पदराचं टोक कुठं ठेवावं कळेना. किडे लपवले तर त्यांचा सिद्धांत जातो, किडे दाखवले तर कान. नणंद मान खाली घालून पुरणावर तूप ओतत होती, ओततच होती. कान तिनं सांभाळायला सांगितले होते. पण मला वाटलं, कान काय, आमचे सगळ्यांचेच जाणार आहेत. बरोबर असण्याची सवय मात्र या माणसाला जन्मभराची. मी उठले, झाडाशी गेले, आयुष्यात कधी किड्याला बोट लावलं नव्हतं ते बुंध्यावरचा एक ओरडता किडा पदरानं धरला, आणि त्यांच्या जोडलेल्या हातांत सोडून त्यांच्या मुठी वरून दाबून धरल्या.

मुठीत किडा थरथरला. त्यांनी खाली पाहिलं. मग वर झाडाकडं पाहिलं, मग नणंदेकडं, मग आमच्या एकेकाच्या तोंडाकडं. डोक्यावर किर्र चालूच होतं, आणि त्यांच्यासाठी ती शांतताच असणार.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"महिना लागायच्या आधीपासून."

"किती हाईत?"

"लय हाईत."

ते पाटावर बसले. मूठ उघडून किडा उडवून दिला, हात धुतले, धोंडा मोडला. पहिला घास गिळल्यावर म्हणाले, "मंग हरल्या तुमी, वैनी." आणि पंगतीतल्या नव्या जावयाकडं, माझ्या पुतणीच्या नवऱ्याकडं, वळून त्यांनी गुलाबपाण्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. मी ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसून ऐकली.

संध्याकाळी मी चहा घेऊन बाजेशी गेले. वरचं लुगडं सोडून टाकून ते फांद्यांकडं तोंड करून पडले होते. कप घेतला, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "वैनी, आवाज कसा येऊन राहिला? मागल्या बारीसारखाच हाय का?" आता मी सबंध जन्म बडबडण्यात घालवलेली बाई, पण त्या आवाजाला शब्द सापडेना. इकडंतिकडं पाहिलं, कुणी नव्हतं. मग वाकले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि या वयात घसा ताणून जमेल तसं 'किर्रर्र' केलं. त्यांनी डोळे मिटून, मोटार ऐकावी तसं, नीट ऐकलं.

"तसं न्हाई," ते म्हणाले. "तुमचा लय जाड येऊन राहिला. थोडा बारीक करा."

मी बारीक केला. त्यांनी मान हलवली. आणखी बारीक केला, खोकला आला, त्यांनी आपल्या कपातला चहा पुढं केला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तेच करत बसलो होतो. पंचांगात बघितलं, पुढचा जेठाचा धोंडा अकरा वर्षांनी आहे. ते परवा आपल्या घरी परत गेले. जाताना म्हणाले, अजून जाडच हाय. मी दुपारी घरात कुणी नसलं की करून बघते.