देशकालाचं पान

लग्न लावायला मी पहिल्यांदाच एकटी बसणार होते, आणि महिनाभर आधीपासून माझी झोप उडाली होती. पौरोहित्याचा वर्ग मी पुण्यात केला तेव्हा घरच्यांना तो छंद वाटला होता. नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादेत आलो, तेव्हा छंद पुण्यातच राहील असा सगळ्यांचा अंदाज होता. तो चुकला. इथे मी सत्यनारायण केले, वास्तुशांती केल्या, दहावे-तेरावेही केले. पण पूजेत अडखळलं तर यजमान डोळे मिटून बसलेले असतात. लग्नात अख्खा हॉल डोळे उघडे ठेवून बसतो, वर त्याचं चित्रीकरणही होतं.

मुलगी नोकरीला जवळ पडतं म्हणून आमच्या विद्यानगरच्या घरासमोर मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायची. तिचं मूळ घर मलकपेठेत, पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचं. एका वास्तुशांतीला तिने मला मंत्रांचे अर्थ सांगताना ऐकलं आणि तिथेच जाहीर केलं, "काकू, माझं लग्न तुम्हीच लावायचं. मिनिंग कळल्याशिवाय मी नाही बसणार." तिला मराठी छान बोलता यायचं, वाचायचं म्हटलं की मात्र अक्षरं जुळवत बसावं लागायचं. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेलेले. कन्यादान आईने करावं असं मी सुचवलं, पण आई म्हणाली, मामंजीच करतील, त्यांनीच वाढवलंय तिला.

हे मामंजी, म्हणजे मुलीचे आजोबा, नातीला नाही म्हणत नसत. म्हणून त्यांनी मलाही नाही म्हटलं नाही. फक्त अट घातली, तीही माझ्या तोंडावर.

"आमचे गौलीगुड्याचे गुरुजी मेहमान म्हणून समोर बसतील. तुमी अडकलात तर त्ये उठून येतील. बुरा मानू नका जी."

नात रागाने लाल झाली. मी गोड हसून म्हटलं, "बुरा कशाला मानू, आजोबा?" आणि घरी येऊन पाण्याचे दोन ग्लास रिकामे केले. म्हणजे माझी एक चूक झाली की भर मांडवात मला उठवणार आणि त्या पोरीचा हट्ट सगळ्यांसमोर खोटा पडणार. माझं काय, मी पुन्हा सत्यनारायण सांगत बसले असते. तिला मात्र ते जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

माझी सगळी भिस्त होती टॅबलेटवर. पूर्वी माझ्या वह्या होत्या, कुंकवाने माखलेल्या, तुपाने पारदर्शक झालेल्या. मग नवऱ्याने ही ई-इंकची पाटी आणली. कागदासारखा मळकट पांढरा पडदा, उजेड न फेकणारा. त्यावर पेनने माझ्याच अक्षरात लिहायचं. एखाद्या शब्दाभोवती गोल काढून त्याला दुसरं पान जोडलं की त्या शब्दावर पेन टेकताच ते पान उघडतं. मी अक्षरशः वेडी झाले. आचमन एकदाच लिहायचं, गणपतीपूजन एकदाच लिहायचं, आणि प्रत्येक विधीतून तिथे जायची लिंक द्यायची.

त्यातलं सगळ्यांत कामाचं होतं देशकालाचं पान. कोणत्याही विधीच्या संकल्पात आपण पृथ्वीवर नेमके कुठे बसलोय आणि आज कोणती तिथी आहे ते म्हणावं लागतं. लग्न असो की दहावा, हे शब्द तेच. पुण्यात शिकलेला पत्ता इथे चालेना, कारण इकडचे पुरोहित श्रीशैलापासून दिशा मोजतात. ते सगळं खोडून, विचारून, नव्याने लिहिताना मी घामाघूम झाले होते. म्हणून ते पान एकच ठेवलं. त्याच्या तळाशी परत जायचे शब्द ओळीने लिहिले, त्या त्या विधीकडे नेणारे: पूजा, वास्तू, मुंज, दहावा. लग्नाचं काम नव्याने आलेलं, त्यामुळे 'लग्न' हा शब्द ओळीच्या शेवटी उरलेल्या जागेत बसला. दहाव्याला अगदी खेटून.

ते मला खटकलं नव्हतं असं नाही. पण तोवर मी सगळ्या लिंका इतक्यांदा तपासल्या होत्या की नवरा म्हणाला, "आम्ही सॉफ्टवेअरसुद्धा एवढं तपासत नाही गं." एक शब्द हलवायला जायचं आणि दुसरंच काही तुटायचं, ही भीती. चाललंय ते चालू दे म्हणून मी हात लावला नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळचे विधी बरे झाले. गौलीगुड्याचे गुरुजी पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते आणि माझ्या प्रत्येक शब्दाला त्यांचे ओठ हलत होते. मी तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं आणि सारखी तिकडेच बघत राहिले.

कन्यादानाला आजोबा माझ्या डाव्या हाताला पाटावर बसले. आजी हयात नाहीत म्हणून त्यांच्या जागी कमरेला सुपारी खोचलेली. मी देशकालाचं पान उघडून संकल्प सांगितला, त्यांनी तो स्वच्छ म्हटला. पळीतलं पाणी सोडताना माझी बोटं ओली झाली होती. तशाच ओल्या हाताने पेन धरून मी 'लग्न' या शब्दावर टेकवलं. म्हणजे टेकवलं असं मला वाटलं.

पडदा काळा होऊन सावकाश उजळला. वर माझ्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: दहावा. त्याखाली पिंड, दर्भ, तिलांजली.

मला पुढचं काही आठवेना. पाठ नव्हतं असं नाही, पण डोकं रिकामं झालं. नवरी समोरून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला पान उलटं दिसत होतं, आणि सुलट असतं तरी तिने ते लगेच वाचलं नसतं. आजोबांना मात्र वाचता येत होतं. त्यांची नजर ओळीवरून सरकत गेली ती मी पाहिली. पोटच्या पोराचा दहावा त्यांनी स्वतः केलेला होता. आणि आता त्याच पोराच्या पोरीच्या लग्नात, तिचा हात हातात असताना, मी त्यांच्यासमोर ते पान धरलं होतं. आता ते गुरुजींना खूण करणार, याची मी वाट बघत राहिले.

आजोबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि ताटावर झाकावं तसं टॅबलेटवर घातलं.

"तख्ती ऱ्हाऊ द्या जी," ते हळूच म्हणाले. "तुमी म्हना. मी ऐकायलोय."

मी म्हणू लागले. शब्द एकामागून एक आले. सप्तपदीपर्यंत मी ते उपरणं उचललं नाही. शेवटी गुरुजी जवळ येऊन "आवाज बरा आहे तुमचा" एवढं म्हणाले आणि जेवायच्या पंगतीकडे गेले. कुणालाच काही कळलं नव्हतं. आजोबांनी दक्षिणा माझ्या हातात ठेवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. लोकांनाही तसंच सांगते. तरीही त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. देशकालाच्या पानावरचा 'दहावा' मी पुसला आणि टॅबलेटवरच त्याची वेगळी वही केली. त्याने काय होणार होतं? नवरीला साधा ताप आला तर मी रात्रभर जागी राहिले. काहीतरी निमित्त काढून मी तिला फोन करत राहिले. "काकू," ती हसत म्हणाली, "माझ्या सासूबाईंपेक्षा तुमचे कॉल जास्त येतात." तिला काय सांगणार?

आणि मग आजोबांचाच फोन आला. "तख्ती घेऊन या जी घरी."

मलकपेठेपर्यंत रिक्षात मी माफीचीच उजळणी केली. त्यांनी चहा दिला, पुढ्यात बिस्किटं ठेवली. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "त्ये पान काढा."

"आजोबा, ते मी तिथून काढून टाकलंय. खरंच चुकून—"

"काढा जी."

मी वेगळी वही उघडून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि पान सगळं वाचलं, बोट ओळीखाली सरकवत. मग चष्मा काढून पुसत बसले.

"पोरगा गेला तव्हा मी केलं," ते म्हणाले. "माझं कोन करनार?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तीच करनार. दुसरं हायेच कोन? आमचे गुरुजी पोरीला बसू देनार न्हाईत, मी ओळखतो त्यास्नी. तुमी तिच्या बाजूला बसायचं. तिला वाचता येत न्हाई. तुमी म्हनायचं, तिनं ऐकून म्हनायचं. माझ्यावानी."

मला रडू आवरेना. मी इतके दिवस त्यांच्या रागाला घाबरत होते. हा माणूस मात्र त्या दिवशी पाटावर बसल्या बसल्या आपल्या शेवटाची सोय लावून मोकळा झाला होता.

श्राद्धाला लागतात तशी तीन पिढ्यांची नावं त्यांनी मला सांगितली. मी ती नव्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली आणि दहाव्याला जोडली. ती इथे लिहायची नाहीत. लिहून झाल्यावर सवयीने विचारून गेले, "आजोबा, या पानावरून परत कुठे जायची खूण करू?"

"त्या दिवशी कुठून आलं व्हतं हे पान?"

"लग्नातून. कन्यादानातून."

"मग तिथंच जाऊ द्या," ते म्हणाले. "माझं उरकलं की पोरीला तिथंच न्या."

मी नावांच्या खाली 'परत' लिहिलं, भोवती गोल काढला आणि कन्यादानाचं पान जोडलं. चुकून उघडणार नाही अशा बेताने, बाकी सगळ्या शब्दांपासून लांब.

ते पान मी त्यानंतर उघडलेलं नाही. पण मोबाइलवर मलकपेठेचा नंबर दिसला की अजूनही हातातलं काम तसंच राहतं. मी घाईने फोन उचलते, आणि मला काही विचारायची हिंमत होत नाही. पलीकडून आधी खोकला ऐकू येतो.

"हाय जी, हाय अजून," आजोबा म्हणतात. "चहाला या."