गच्चीच्या जिन्यातलं बटण

लग्नानंतर कोल्हापूरहून मद्रासला आले, तेव्हा आम्हाला नुंगंबाक्कममध्ये एका घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला होता. हे सरकारी कचेरीत नोकरीला. खाली घरमालकीणबाई एकट्या राहत. त्या तंजावरच्या मराठी. त्यांचे शब्द माझ्या पणजीच्या वेळचे आणि हेल थेट तमिळ. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले.

घर दाखवताना अक्कांनी बटणं दाखवली. काळी, वाटोळी, लाकडी पाटीवर बसवलेली. कुठलं बटण कशाचं याला काही धरबंध नव्हता. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण न्हाणीघराबाहेर, पंख्याचं दाराच्या मागे.

"अस्कं यांनीच केलंय," अक्का म्हणाल्या. अस्कं म्हणजे सगळं. त्यांच्या यजमानांना वायरिंगचा नाद होता. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गच्चीच्या जिन्यात वरच्या दाराशी एक बटण एकटंच होतं. "त्याला हात लावूं नको. ते त्यांचं."

"कशाचं आहे?"

"कोणाला ठाऊक! ते असताना कोणी लावत नसे."

मी बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलेली. बाकीची बटणं थोड्याच दिवसांत मला अंधारातही सापडू लागली. ते एक मात्र अक्कांच्या शब्दाखातर सोडून दिलं.

खरा त्रास पाण्याचा होता. परसात विहीर, गच्चीवर टाकी, विहिरीपाशी मोटर. पण मोटर बंद. "ते गेले, दुसऱ्या दिवशी मोटरही गेली," एवढंच अक्का सांगत. मेस्त्री येऊन गेला होता. मोटरपर्यंत करंटच येत नाही, जुनी वायर उपटून नवी टाकायला हवी, असं त्याचं म्हणणं. नवऱ्याच्या हातची वायर उपटायची म्हटल्यावर अक्कांनी त्याला परत पाठवलं. तेव्हापासून त्या राहाटाने पाणी ओढत, आणि आता माझ्या बादल्या जिना चढत होत्या.

उन्हाळ्यात विहीर खोल गेली. एका सकाळी भरलेली बादली वर येताना अक्कांच्या हातून दोर सुटला आणि तळवा सोलून निघाला. मी मलम लावलं, पट्टी बांधली आणि विचारलं, "अक्का, ती वायर मी बघू? उपटणार नाही, नुसती बघेन."

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. "बघ."

मी मेन बंद केला आणि मोटरपासून उलटी निघाले. भिंतीवर लाकडी पट्टीत दोन वायरी होत्या. एक मागच्या दारातल्या मोटरच्या बटणाकडे गेलेली. दुसरी बाहेरच्या भिंतीवरून वर चढली होती. खालच्या मजल्यावरच्या बोर्डात शिरण्याऐवजी ती गच्चीकडे का जावी? मी जिना चढले. चिनी मातीच्या नळीतून वायर भिंतीतून आत येत होती आणि त्या एकट्या बटणापाशी संपत होती. तिथून दुसरी वायर खाली मेनकडे उतरली होती. बटणाचं झाकण फिरवून काढलं. आत सगळं शाबूत होतं. बटण फक्त बंद होतं.

धावत खाली आले. "अक्का, मोटर सुरू कुठून करायचे?"

"मागच्या दारातून. सकाळी आधी गच्चीवर फेरी मारायचे, मग खाली येऊन लावायचे."

"आणि बंद?"

"टाकी भरली का बघायला वर जायचे. त्यांच्या मागोमाग मोटर थांबायची."

"ते वरूनच बंद करायचे. दोन्ही बटणं लावली तरच ती चालते. शेवटच्या दिवशी वरचं बंद केलं, ते तसंच राहिलं."

अक्का पायरीवर बसल्या. "त्या दिवशी टाकी भरली होती त्यांनी. दुपारी छातीत कळ आली." मग म्हणाल्या, "म्हणजे मोटर बिघडलीच नव्हती."

"नाही."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि उठल्या. मी बटणाकडे वळले तसा माझा हात धरला. "थांब. आधी तिला पाणी पाजायचं असतं. मी बघितलंय." हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी पंपाच्या तोंडात तांब्याने पाणी ओतलं, मी तेल सोडून चाक हाताने फिरवून मोकळं केलं. मग मेन लावला. अक्का कठड्याला धरून जिना चढल्या, मी मागच्या दाराशी उभी राहिले. वरून "लावलं!" अशी हाक आली. मी बटण दाबलं. मोटर नुसती घुमली. लगेच बंद करून चाक पुन्हा सैल केलं. दुसऱ्या खेपेला ती धडधडत सुरू झाली, आणि काही वेळाने गच्चीवरून अक्कांचा आवाज आला, "पाणी आलं गे!"

संध्याकाळी न्हाणीघराचा नळ सोडून हे बघतच राहिले. "मेस्त्री कुठून आणलात?"

"मेस्त्री कशाला?" अक्का खालून म्हणाल्या. "तुमची बायको आहे की!"

वरचं बटण काढून टाकते, म्हणजे तुम्हाला रोज चढायला नको, असं मी त्यांना पुढे सुचवलं. "नको," त्या म्हणाल्या. "मी चढेन." तो विषय मी पुन्हा काढला नाही. आमच्या रस्त्यावरच्या बायका मात्र फ्यूज उडाला की मला बोलावू लागल्या, आणि माझं तमिळ बरंचसं त्यांच्या बोर्डांपुढे उभं राहूनच झालं.