सोमनाथचे पाच पॉइंट

माझा नातू सोमनाथ चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये पाण्याच्या टँकरच्या टाक्या वेल्डिंग करतो. पाऊस दगा देतो त्या वर्षी खेड्यातली माणसं आभाळाकडं बघत बसतात आणि ह्याला ओव्हरटाइम लागतो. लोक मला विचारायचे, नातू काय करतो? मी म्हणायची, दुष्काळाची वाट बघतो. त्याला हे आवडायचं नाही, पण हसायचा.

आम्ही मूळचे पाचोडचे. मोसंबीची बाग होती. २०१२ साली पाऊस गेला आणि बाग उभ्या उभ्या वाळली. माझ्या लेकानं, सोमनाथच्या बापानं, बन्सीनं, खोडं तोडून जळणाला दिली आणि आम्ही सगळे सोमनाथकडं शहरात राहायला आलो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आम्ही आलो तेव्हा घरासमोर ज्वारीचं रान होतं. चार वर्षांत तिथं सात मजली इमारत झाली. सात मजले चढले, पण नळाला पाणी पाचव्या-सहाव्या दिवशीच यायचं. सोमनाथची बायको प्रेरणा सगळे ड्रम भरून घ्यायची आणि त्यावर झाकणं ठेवून झाकणांवर विटा ठेवायची, जसं काही पाणी उठून पळणार आहे.

२०१८ला पुन्हा पाऊस गेला. त्याच साली सोमनाथनं ऑस्ट्रेलियाला जायचं डोक्यात घेतलं. तिकडं वेल्डर कमी आहेत, असं शेडमधल्या कुणीतरी सांगितलं होतं. सिडकोत हिमांशू नावाचा एक मुलगा ही कामं करायचा. बोलायला गोड, ऑफिसात थंड हवा, टेबलावर प्लास्टिकचं झाड. त्यानं सोमनाथची फाइल हातात घेतली.

मला सगळं समजून घ्यायची सवय आहे. चौथीपर्यंतच शिकले, चौथीच्या परीक्षेला गोवर आला म्हणून ती पण राहिली, पण कागदात काय लिहिलंय ते विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. सोमनाथनं जेवता जेवता सांगितलं. त्या देशात आपल्यासारखीच राज्यं आहेत. प्रत्येक राज्य दरसाल यादी काढतं, की आमच्याकडं नर्स कमी आहेत, सुतार कमी आहेत, वेल्डर कमी आहेत. जाणारा माणूस आपली माहिती कॉम्प्युटरवर टाकून ठेवतो. वयाचे पॉइंट, शिक्षणाचे, कामाच्या वर्षांचे, इंग्रजीचे. पासष्ट झाले तर पुढची गोष्ट. इंग्रजीत पास झाला तर सोमनाथचे साठ होत होते. एखाद्या राज्यानं त्याचं नाव पुढं केलं, की आणखी पाच मिळणार. मग त्यांचं वरचं सरकार व्हिसा देणार, आणि ज्या राज्यानं नाव घेतलं त्याच राज्यात दोन वर्षं राहायचं.

मी म्हणाले, म्हणजे स्थळासारखंच आहे. राज्य मध्यस्थ, आणि वरचं सरकार पोरीचा बाप.

"व्हय," सोमनाथ म्हणाला, "पण बघायला कोणी येत नाय. आपणच फोटो लावून बसायचं."

त्यानं इंग्रजीची परीक्षा तीनदा दिली. दिवसभर ठिणग्यांपुढं बसलेला माणूस संध्याकाळी कानात वायर घालून कुठल्या बाईचं बोलणं ऐकायचा आणि वहीत लिहायचा. तिसऱ्यांदा पास झाला. एका राज्यानं यादीत वेल्डर लिहिले होते. राज्याचं नाव मला घेता येत नाही. तिथं अर्ज गेला तेव्हा २०१९चा मार्च संपत आला होता.

मग एका रविवारी हिमांशू स्वतः घरी आला. काळजीत होता. म्हणाला, एक गोष्ट आधीच बघायला हवी होती. एक जूनला सोमनाथला तेहतीस पुरी होतात. तेहतीस झाली की वयाचे पाच पॉइंट कमी. मग राज्यानं नाव घेतलं तरी साठच भरतील. तेव्हा राज्याचं पत्र एकतीस मेच्या आत यायला पाहिजे.

प्रेरणा चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, "एक जून कसा? ह्यांना तर आम्ही दिवाळी झाल्यावर ओवाळतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून मी कपात बघत बसले.

गोष्ट अशी, की सोमनाथ कार्तिकातला. ब्याण्णव साली तो साडेपाच वर्षांचा होता. त्या वर्षीही पाणी नव्हतं. मी आणि त्याची आई उमा रोजगार हमीच्या तलावावर खडी फोडायला जायचो. पोराला उन्हात कुठं ठेवायचं? शाळेला पत्र्याची का होईना, सावली होती. म्हणून जून लागताच मी त्याला नानासाहेब गुरुजींच्या पुढं उभं केलं. तेव्हा वय बघायची एक रीत होती. पोरानं उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला आला, की सहा वर्षं पूर्ण. सोमनाथचा हात पोचेना. बोटं कानाच्या वर दोन बोटं थांबायची. मी मागं उभी होते. मी हळूच त्याची मान वाकवली. कान हातात आला.

गुरुजींनी पाहिलं असावं. ते म्हणाले, "आशाबाई, सहा पुरी झाली ना?"

मी म्हणाले, "झाली, गुरुजी."

त्यांनी एक जून लिहिलं. त्यांच्या रजिस्टरात निम्मं पाचोड एक जूनला जन्मलेलं आहे. तीच तारीख पुढं दहावीच्या सर्टिफिकेटवर गेली, आधारवर गेली, पासपोर्टवर गेली. खरी तारीख असती, तर पोराच्या हातात नोव्हेंबरपर्यंत वेळ होता.

मी हे सगळं सांगितलं. सोमनाथनं चहा प्यायला आणि कप आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी प्रेरणाला घेऊन हिमांशूच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मी लिहून देते. बाळंतपण माझ्या हातचं आहे, कार्तिक वद्य पंचमी होती, पहाट होती, मी शपथ घ्यायला तयार आहे. त्यानं मला पाणी दिलं. पाचोडच्या नोंदीत जन्म आहे का, विचारलं. नोंद कुठली असणार? कुणी केलीच नव्हती.

"आजी," तो म्हणाला, "आता तारीख बदलायला गेलो तर ते म्हणतील, पॉइंटसाठी बदलली. अख्खी फाइलच खोटी ठरेल."

"पण खोटी तर आत्ता आहे."

"आत्ताची खोटी सगळ्या कागदांवर सारखी आहे," तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता. मी त्या प्लास्टिकच्या झाडाकडं बघितलं. त्याच्या पानांवर धूळ होती.

मग वाट बघणं सुरू झालं. तिकडची घड्याळं आपल्या साडेचार तास पुढं. म्हणजे आपल्याकडं साडेबारा वाजले, की तिथलं ऑफिस बंद. सोमनाथ साडेबाराला तोंडावरचा मुखवटा वर करायचा, हात पुसायचा, मोबाइल बघायचा आणि डबा उघडायचा. घरी मी साडेबाराला भाकरीवरून हात उचलायची. फोन आला नाही, की आजचा दिवस संपला असं समजायचं. आमचा दिवस त्या मे महिन्यात दुपारीच संपायचा. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन. शेडमध्ये टँकरची रांग लागलेली. मालकानं सुट्ट्या बंद केल्या होत्या.

एकतीस मेला शुक्रवार होता. साडेबारा वाजले. एक वाजला. प्रेरणानं वाढलं, आम्ही जेवलो. वरणात मीठ नव्हतं हे दोघींनाही जेवण झाल्यावर कळलं.

शनिवारी, एक जूनला, सोमनाथ संध्याकाळी केकचा तुकडा घेऊन आला. कंपनीच्या कागदावर त्याचा वाढदिवस होता. ऑफिसातल्या पोरींनी सगळ्यांच्या तारखांची यादी भिंतीला लावली आहे, त्या दर वर्षी केक आणतात. त्याला टोपी घालून फोटो काढला. कॉम्प्युटरवर त्याचे पाच पॉइंट कुणी हात न लावता आपोआप कमी झाले होते. केक त्याच्या लेकीनं, मनस्विनीनं खाल्ला. तिला वाटलं बाबाचे आता दोन वाढदिवस.

हिमांशूचा फोन आला. एक वाट उरली होती. शहरापासून लांब, माणसं कमी असलेल्या भागात राहायला तयार असलास, तर त्या भागासाठी राज्य नाव घेतं आणि पाचाच्या जागी दहा पॉइंट देतं. पासष्ट भरतात. व्हिसा कायमचा नाही, पण पुढं होऊ शकतो. फक्त एक पत्र लिहायचं, आमच्याकडंच का राहायचंय म्हणून. जून संपायच्या आत.

रविवारी सोमनाथ कागद घेऊन बसला. त्या गावाचे फोटो त्यानं मला दाखवले. लांबच लांब रस्ता, पिवळं गवत, एक पवनचक्की, एक पाण्याची टाकी. मी म्हणाले, हे तर पाचोडच आहे, फक्त गाड्या चांगल्या आहेत.

तो हसला नाही. कागद पुढं ओढून म्हणाला, "आजी, काल पॉइंट गेले तेव्हा तुला बरं वाटलं ना?"

मी त्याच्यापुढं खोटं एकदा बोलले होते, तेही पोटात माया ठेवून. पुन्हा जमलं नसतं. म्हणाले, "व्हय रे. एक क्षणभर."

"मी बघितलं तुझ्याकडं," तो म्हणाला.

"रागावलास का?"

"नाय. राग येईल म्हणून कालपासून बसलोय. काहीच येत नाय. ना राग, ना वाईट. तिकडं का राहायचं ते लिहायला बसलो, तर इथं का राहायचं ते पण आठवंना."

त्यानं कागद घडी करून मनस्विनीला दिला. तिनं त्यावर मासे काढले. प्रेरणा ओट्याशी उभी होती, तिनं सगळं ऐकलं. तिनं एवढंच विचारलं, की हिमांशूला फोन कोण करणार. सोमनाथ म्हणाला, करतो. जून संपला तरी त्यानं केला नाही. जुलैत नवी यादी आली, त्यात वेल्डर नव्हते. त्या राज्यानं त्याला कधी नाही म्हणून सुद्धा कळवलं नाही. अर्ज दोन वर्षं तसाच पडून राहतो आणि मग आपोआप मिटतो. तो मिटला हे त्यानं मला जेवताना सांगितलं, गॅसचा नंबर लागला असं सांगतात त्या आवाजात.

मान वाकवल्याबद्दल त्यानं मला एक शब्द विचारला नाही. मी वाट बघितली. एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की ऊन फार होतं.

पॉइंट गेले त्या साली उन्हाळा लांबला आणि शेडला चाळीस टाक्यांची ऑर्डर आली. टाकी बाहेरून जोडली, की आतूनही वेल्डिंग करावं लागतं. त्यासाठी वरच्या झाकणातून माणूस आत उतरतो. हे काम कुणी मागून घेत नाही, आत भट्टी असते. सोमनाथनं मागून घेतलं. मी एकदा विचारलं, आत करमतं का तुला.

म्हणाला, "आत बाहेरचं काय ऐकू येत नाय, आजी. जोड तेवढा दिसतो."

मी त्याच्या डब्यात कांद्याची एक फोड जास्त ठेवते. उन्हाला चांगली असते.