जो नेईल, त्यानेच आणायचं

सोसायटीच्या कमिटीत वीस-बावीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावरच्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि कुठल्या डब्यात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. मी आमच्या नवागामच्या सोसायटीची सामानखोली सांभाळतो. शाळेतून रिटायर झालो तेव्हा सोसायटीचे प्रमुख आप्पा म्हणाले, "मास्तर, आता तुम्हाला काय काम आहे?" आणि किल्ली हातात दिली. सतरंज्या, खुर्च्या, मोठी पातेली, आणि बेसण्याचं सामान.

बेसणं आमच्या खानदेशात नव्हतं, ते सुरतेत येऊन शिकलो. माणूस गेलं की एका संध्याकाळी दोन तास सगळे पांढऱ्या चादरींवर येऊन बसतात. समोर फोटो, हार, उदबत्ती. त्यासाठी आमच्याकडे दहा चादरी, एक लाकडी स्टँड आणि एक फ्रेम. फ्रेम आप्पांनी आणली होती, आणि एवढी मोठी, की फोटोच्या चारही बाजूंना पांढरं उरायचं. मी म्हटलं, "आप्पा, ही जोडप्याची फ्रेम दिसते." आप्पा म्हणाले, "लहान फ्रेममध्ये माणसाचा जीव गुदमरतो, मास्तर."

मी वहीत फ्रेमची नोंद केली.

*

आप्पांचा नियम एकच. ज्याने सही करून सामान नेलं, त्यानेच परत आणायचं आणि जमाच्या रकान्यात सही करायची. भाऊ चालणार नाही, मुलगा चालणार नाही. आणि एकाचं जमा झाल्याशिवाय दुसऱ्याला मिळणार नाही.

एकदा एका नवरदेवाने स्वतःच्या हळदीसाठी पातेली नेली. लग्नाच्या सकाळी त्याच्या काकाने ती परत आणली, तर आप्पांनी दारातूनच परत पाठवली. शेवटी नवरदेव मुंडावळ्या बांधून, हळदीच्या हातांनी पातेली घेऊन आला आणि सही करून गेला. वहीच्या त्या पानावर अजून पिवळा अंगठा आहे.

"एकदा सूट दिली की नियम संपला," आप्पा म्हणाले. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

*

भिका दादा लूमवर कामाला. धुळ्याकडचा, अबोल माणूस. एका शनिवारी दुपारी आला आणि बेसण्याचं सामान मागितलं.

"कोणाचं, दादा?"

"घरनंच शे, मास्तर."

घरचंच म्हणाला, आणि गावाकडे त्याची आई आजारी होती, म्हणून मी जास्त विचारलं नाही. त्याने सही केली, सामान हातगाडीवर टाकलं आणि नेलं.

मंगळवारी सकाळी पाळी संपवून भिका दादा घरी आला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेला होता. आम्ही धावपळ करत पोचलो. सामान आणायला निघालो तर त्याची बायको म्हणाली, "सामान घरातच आहे. शनिवारीच आणून ठेवलंय त्यांनी. कोणाचं म्हणून विचारलं तर नुसते हसले."

बेसणं झालं. दुसऱ्या दिवशी मी खोली उघडली. किल्ली एकच, माझ्या कमरेला. आत सामान जागेवर होतं. चादरींची घडी आमची नव्हती, लूमवर कापडाच्या ताक्याची घालतात तशी घट्ट आणि सरळ होती. जमाच्या रकान्यात भिका दादाची वाकडी सही होती.

मी वही घेऊन आप्पांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, सही पाहिली आणि वही बंद केली.

"नियमाप्रमाणे आहे," ते म्हणाले.

*

शांताताई नर्स होत्या, साऱ्या सोसायटीला इंजेक्शनं दिलेली बाई. त्या सामान न्यायला आल्या तेव्हा मी आधी वही बाजूला सारली. मी म्हटलं, "ताई, तुमच्याकडे तर सगळे ठणठणीत आहेत."

"हो ना," त्या म्हणाल्या. "काच पुसून द्या हो, डाग दिसतोय."

मी काच पुसली. अजून मला त्याचा राग येतो. सही करू नका म्हणायचं सोडून मी काच पुसत बसलो.

आठ दिवसांनी त्या गेल्या. बेसण्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज बघायचंच. सकाळपासून खोलीत खुर्ची टाकून बसलो, दार सताड उघडं. दुपारी चष्मा पुसायला मान खाली घातली, तेवढंच. वर पाहिलं तर चादरी कोपऱ्यात. धुतलेल्या होत्या, काठ ओलसर होते, आणि खोलीभर डेटॉलचा वास येत होता.

*

मग कमिटीची मीटिंग झाली. कोणी उघड काही बोललं नाही, पण ठराव एकमताने झाला. बेसण्याचं सामान माणूस गेल्यावरच द्यायचं, आधी कोणालाही नाही. आप्पांनी खाली सही ठोकली. सगळ्यांना बरं वाटलं, चहा झाला.

सगळे गेल्यावर आप्पा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"सही कुठे करू?"

"आप्पा, आत्ताच ठराव केला तुम्ही."

"तो उद्यापासून लागू," आप्पा म्हणाले.

मी रडलो त्यांच्यासमोर. पाया पडलो. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, हमाल बोलवा. स्टँड जड आहे."

त्यांच्या बेसण्याला गल्ली पुरली नाही. सामान बाराव्या दिवशी परत आलं. जमाच्या सहीखाली आप्पांच्या अक्षरात एक ओळ होती. "एक चादर कमी आहे. शोधा."

दोन दिवस मी घरोघर विचारत फिरलो. चादर आमच्याच गच्चीवरच्या दोरीवर सापडली. माझी बायको मालती तिला इस्त्रीसाठी पाणी मारत होती.

"वाऱ्याने आली असेल," ती म्हणाली.

*

त्यानंतर महिनाभराने, रविवारी दुपारी. रोज चार वाजता मालती मला खोलीवर चहा आणून देते. त्या दिवशी ती आली, पण हातात चहा नव्हता. डोक्यावरून पदर घेतलेला.

"अहो, सही कुठे करू?"

बेचाळीस वर्षांचा संसार आहे आमचा, ठराव दाखवून ती ऐकणार नव्हती. मी वही ओढून घेतली, पेन काढलं आणि तिच्या देखत माझं नाव लिहून सही केली.

"सामान बाहेर गेलंय," मी म्हटलं.

"कोणाकडे?"

"माझ्याकडे. परत आल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. आप्पांचा नियम आहे."

तिने जरा विचार केला. "बरं. आलं की सांगा, मी थांबते."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. सामान आमच्या पलंगाखाली आहे. सोसायटी आता टेन्ट हाऊसवाल्याकडून चादरी आणते. नवीन सेक्रेटरी ग्रुपवर लिहितो, "मास्तर, सामान जमा करो ने." मी अंगठा पाठवतो आणि काही करत नाही. सकाळी जाग आली की आधी तिचा श्वास बघतो, मग माझा.

मधूनमधून भाजी निवडताना ती विचारते, "आलं का हो सामान?"

"नाही अजून."

"बरं."

गेल्या मंगळवारी मी दूध घेऊन घरी आलो तर तिने पलंगाखालचं सगळं बाहेर काढलं होतं. दहाही चादरी धुऊन वाळत घातल्या होत्या. ती जमिनीवर बसून फ्रेमची काच पदराने पुसत होती. मी दारातच थांबलो. दोन वर्षं सामान मुद्दामच जमा केलं नाही म्हणून ती रागावेल असं वाटलं. पण तिने काच उजेडाकडे धरली आणि त्यात पाहत राहिली.

"आप्पा उगाच नाही म्हणायचे," ती म्हणाली. "मोठी आहे हो. दोघं आरामात मावू."